दोन अंगठे आणि एक सही

पहिला कागद माझ्या भावाचा होता. दुसरी मोठी लढाई सुरू होऊन काही महिने झाले होते आणि तो आगबोटीवर खलाशी म्हणून निघाला होता. निघण्याआधी कंपनीने त्याला एक छापील फॉर्म दिला. नाव, गाव, वय, आणि त्याखाली, मृत्यू झाल्यास कोणास कळवावे. तो फॉर्म चौघडी करून खिशात घालून भाऊ आमच्या कोळीवाड्यात, पालीला, घरी आला आणि त्याने तो माझ्यापुढे ठेवला, कारण आमच्या गल्लीतलं सगळं लिहिणं माझ्याकडे यायचं.

आई मी लहान असतानाच गेली होती. घरात बाबा, भाऊ, वहिनी, तिची दोन मुलं आणि मी. बाबा तांडेल होते, म्हणजे होडी त्यांची आणि होडीवर शब्दही त्यांचाच. त्यांना अक्षर ओळखता येत नव्हतं, पण मला त्यांनी हट्टाने शाळेत घातलं. मुलीला शिकवून काय बोंबील वाचायला लावणार का, असं कोणी विचारलं की ते म्हणायचे, "वाचंल. माजी पोर हाय." मी बोंबील सोडून बाकी सगळं वाचायला शिकले आणि पुढे त्याच शाळेत खालच्या वर्गाला शिकवू लागले. लग्न झालं नाही. का झालं नाही हे मला इतक्या जणांनी विचारलं आहे की आता त्याचं उत्तर द्यायचा कंटाळा येतो.

तर तो फॉर्म. मी नाव लिहिलं, गाव लिहिलं आणि खालच्या ओळीशी येऊन थांबले. चोवीस वर्षांचा धडधाकट भाऊ समोर बसून पेज पीत होता आणि मला त्याच्या मृत्यूपुढे कोणाचं तरी नाव लिहायचं होतं. मी चिडले. हे कसले प्रश्न विचारतात, म्हणून त्याच्यावरच ओरडले. तो हसला. "लिव गो. लिवल्याने कोन मरत न्हाय," असं म्हणाला. मी वहिनीचं नाव लिहिलं आणि पेनाचं टोक कागदात रुतवून ठेवलं.

मग दुसरा कागद झाला, कुलमुखत्यारपत्र. होडीत थोडा हिस्सा भावाचा होता. तो समुद्रापार असताना त्याच्या हिश्शाची दुरुस्ती, भाड्याने देणं, वेळ आली तर विकणं, हे सगळं बाबांनी त्याच्या वतीने करावं, असा तो कागद. तो लिहायला भाईंदरहून एक कारकून यायचे. पूर्वी एका वकिलाकडे होते, नंतर घरोघरी जाऊन दस्त लिहून देत. त्यांचं येणंजाणं मुख्यतः मोरव्याच्या आणि भाईंदरच्या मिठागरवाल्या हिंदू घरांत. आमच्या ख्रिस्ती घरी आले की चहा घेत, पण पाणी मागत नसत. अक्षर मात्र त्यांचं सुंदर होतं, हे मला कबूल करावंच लागेल.

बाबांना तो कागद फार आवडला. आपला मुलगा आपल्याला हात जोडून, अंगठा उठवून सांगतो आहे की माझ्या जागी तुम्ही, याचं त्यांना कौतुक वाटलं. "म्हंजे आता मी दोन मानसं हाय," असं ते गावभर सांगत फिरले. भाऊ गेल्यावर जेवताना ते एकदा भात घेत, मग ताट पुन्हा पुढे करीत. "ह्यो त्याचा. मी त्याचा मुखत्यार हाय." वहिनी तोंडाला पदर लावून हसायची आणि खरंच वाढायची. भावाची पत्रं सुरुवातीला लवकर येत. पुढे त्यांना तीन-तीन, चार-चार महिने लागू लागले, आणि कुठल्या बंदरातून आलं ते काळ्या शाईने खोडलेलं असे. बाबांनी दुसऱ्यांदा ताट पुढे करणं केव्हा सोडलं ते मला आठवत नाही. वहिनीला आठवत असेल.

त्याच काळात एकदा जाळं विणता विणता ते मला म्हणाले, "चोवीस वर्साचा पोर लिवून गेला, मागं काय करायचं ता. मी म्हातारा, माजा कागद कुटं हाय?"

मी म्हटलं, "तुम्हाला काय झालंय आता?"

"मना काय न्हाय झाला. म्हनून त आता लिवायचा."

मला तो विषय नको होता. मी पंधरा दिवस टाळला. कधी वह्या तपासायच्या आहेत, कधी डोकं दुखतंय. शेवटी ते रागावले, आणि बाबा रागावले की ओरडत नसत, गप्प होत. दोन दिवस त्यांनी माझ्याशी बोलणं बंद केलं. तिसऱ्या दिवशी मी स्वतःच कारकुनांना चिठ्ठी पाठवली.

त्यांना काय लिहायचं होतं ते मला आदल्या संध्याकाळी कळलं. आमच्या घराला समुद्राच्या बाजूने एक खोली होती, जाळी ठेवायची. तिला स्वतंत्र दार, पुढे जेमतेम दोन माणसं बसतील एवढी ओटी. बाबांनी ती खोली मी शिकवायला लागले तेव्हा माझ्यासाठी मोकळी केली होती. जाळी बाहेर मांडवात गेली आणि खोलीत माझं टेबल, माझी ट्रंक, भिंतीवर फळा आला. माशांचा वास काही गेला नाही. शाळेतल्या मुली माझ्या वह्यांचा वास घेऊन एकमेकींना कोपरं मारीत, मला दिसायचं.

"घर नि होडी पोराला," बाबा म्हणाले. "त्याला बायको-पोरं हायत. पन ती खोली तुजी. आयक गो बाय. वहिनी बरी हाय तुजी, मना म्हाईत हाय. पन घर भरंल, पोरं मोठी व्हतील, त्यांच्या बायका येतील. तेव्हा तुला कोनी सांगू नये का आमाला जागा लागते."

बोलायला हवं होतं. अशा वेळी माझी जीभ टाळ्याला चिकटते आणि नको तिथे सुटते.

दुसऱ्या दिवशी दुपारी कारकून आले. बाहेर वलांडीच्या बांबूंवर बोंबील वाळत होते, म्हणून त्यांनी नाकाला रुमाल लावला आणि मी तो पाहिला हे कळल्यावर काढला. बाबांनी धुतलेला शर्ट घातला होता. शेजारचे एक म्हातारे, बाबांच्या होडीवर जन्म काढलेले, साक्षीला येऊन बसले होते. कारकून लिहीत गेले, मग त्यांनी सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. 'समुद्राकडील खोली, तिचे पुढील ओटीसह, माझ्या मुलीस, तिची तिने हयातभर व पुढेही मालकीने उपभोगावी.' बाबांनी ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग तिसऱ्यांदा. कारकून म्हणाले, "तांडेल, कितीदा वाचलं तरी ते बदलत नाही." बाबा म्हणाले, "आयकायला बरा वाटते."

मग बाबांनी अंगठा उठवला. त्यांच्या अंगठ्यावर कधीतरी गळ घुसला होता, त्याचा आडवा व्रण होता, तोही कागदावर उमटला. म्हाताऱ्यांनी अंगठा उठवला. दुसरा साक्षीदार हवा होता. कारकुनांनी दारातून बाहेर पाहिलं आणि म्हणाले, "आणखी कोणी बोलवा शेजारचं."

"आनि आंगठाच उठवंल ना तो," बाबा म्हणाले. "आंगठे काय कमी हायत पालीला? ह्या कागदावर सही पायजे. माज्या घरात सही हाय."

हे आमच्या गल्लीत कोणालाही वावगं वाटलं नसतं. मनीऑर्डर आली तरी मी सही करायची, रेशनकार्डाचा अर्ज मी भरायचा, कोणाचा कोर्टकचेरीचा कागद असला तरी साक्षीला मीच. ज्याला लिहिता येतं त्याने सगळ्यांसाठी लिहायचं, असं होतं. आणि साक्षीदार घरचा असला तर बरं, तो फसवणार नाही, असंच सगळे मानीत. कारकुनांनी क्षणभर पेन थांबवलं. मुलगीच साक्षीदार, असं काहीतरी पुटपुटले. मग म्हणाले, "चालतं. आमच्याकडे पुष्कळ ठिकाणी मुलगेच सही करतात." आणि कागद माझ्याकडे वळवला.

मी सही केली. इतकी चांगली सही मी आयुष्यात पुन्हा केली नाही. अक्षर वळणदार, शिरोरेघ सरळ, शेवटी एक छोटी रेघ, जी मी फळ्यावर कधी काढत नसे. बाबा माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होते. त्यांचा श्वास माझ्या कानाला लागत होता. "वाच," ते म्हणाले. मी माझं नाव, त्यांचं नाव, आडनाव वाचलं. "माजा नाव बी हाय त्यात?" त्यांनी विचारलं. आपल्या मुलीच्या सहीत बापाचं नाव मधोमध असतं, हे त्यांना त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. मीही कधी सांगितलं नव्हतं. कारकून शाई टिपायला निघाले तर बाबांनी त्यांचा हात धरला. "सुकू दे आपसूक. घाई काय हाय."

त्यानंतर दोन वर्षांनी बाबा गेले. आठ दिवस ताप आला, नवव्या दिवशी उतरला असं वाटलं, आणि दहाव्या दिवशी ते नव्हते. शेजारचे म्हातारे त्यांच्या आधी सहा महिने गेले होते. कारकून भाईंदर सोडून आपल्या गावी देशावर निघून गेले होते, पत्ता कोणाजवळ नव्हता.

बाबांची आठवण मला कशी यायची हे सांगायला मी चांगली नाही. रडणाऱ्या बायकांत मी बसले तर त्याच मला पाहून गप्प होत. मला सकाळी त्यांच्या खोकण्याची सवय होती. पहाटे होडी लोटायच्या आधी ते माझ्या अंथरुणापाशी येऊन खोकत, म्हणजे ऊठ, अभ्यास कर. मी शिकवायला लागले तरी माझ्या खोलीच्या दारापाशी येऊन खोकत. ते गेल्यावर मी त्याच वेळेला जागी व्हायचे आणि अंथरुणात वाट पाहत पडायचे. असं किती महिने केलं हे मी कोणाला सांगितलेलं नाही. मला बाबा हवे होते. बाकी काही नको होतं.

पण होडी वाळूत उलटी पडली होती. भावाचं मुखत्यारपत्र बाबांच्या नावावर होतं, ते बाबांबरोबर संपलं. होडी आता कोणाची, हे ठरल्याशिवाय दुसरा कोणी तांडेल तिला हात लावायला तयार नव्हता. वहिनीची दोन मुलं होती. भावाचं पत्र आलं, कोणा दुसऱ्या खलाशाने लिहिलेलं. 'बाबांनी लिहिले आहे तसे करा.' तेव्हा मृत्युपत्र कोर्टाकडून खरं ठरवून घ्यायचं, ज्याला प्रोबेट म्हणतात, त्यासाठी मी ठाण्याला एका वकिलांकडे गेले.

वकील वयस्कर होते, शांत बोलणारे. त्यांनी कागद वाचला, मग खालच्या सह्या पाहिल्या, मग चष्मा काढून माझं नाव पुन्हा विचारलं.

"ही सही तुमची?"

"हो."

"आणि ही खोली ज्या मुलीला दिली आहे ती मुलगी तुम्हीच?"

"हो. मी एकटीच मुलगी."

त्यांनी कागद टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "बाई, तुम्ही शिकलेल्या आहात म्हणून सरळ सांगतो. ख्रिस्ती माणसाच्या मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्या मृत्युपत्राने काही मिळत नाही. मृत्युपत्र तसंच राहतं. फक्त साक्षीदाराला दिलेलं तेवढं रद्द. खोली तुमच्या भावाकडे जाईल."

मी म्हटलं की लिहिणाऱ्यांनी तर चालतं म्हणून सांगितलं होतं.

"लिहिणारे कोण होते?"

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. "हिंदूंना हे कलम लागत नाही. त्यांनी जन्मभर हिंदूंचेच कागद लिहिले असतील. त्या ठिकाणी तुमच्याऐवजी तिसरा एखादा अंगठा असता तर खोली तुमची होती."

मी उठायला लागले, तर त्यांनी बसायला सांगितलं. खिडकीबाहेर पाहत ते म्हणाले, "आणखी एक गोष्ट तुम्हाला माहीत असावी. दुसरा साक्षीदार हयात नाही. लिहिणारा सापडत नाही. हा कागद सिद्ध करणारं तुमच्याशिवाय कोणी नाही. पुष्कळदा साक्षीदारांना आठवत नाही. आठवलं नाही तर मृत्युपत्र पडतं, आणि मग तुमच्या कायद्यात मुलगा आणि मुलगी सारखे. घर अर्धं, होडी अर्धी." त्यांनी मला काही कर म्हणून सांगितलं नाही. चष्मा लावला आणि दुसरी फाइल उघडली.

घरी येऊन मी कोणाला काही सांगितलं नाही. वहिनीला वाटत होतं की खोली माझीच. मी शाळेत गेले की ती खोली झाडून ठेवायची, फळ्याखालची खडूची पूड पुसायची. मी रात्रीच्या जेवणाला गप्प असायचे आणि ती मुलांना दटावायची, आत्याला त्रास देऊ नका.

मी सगळ्यांवर रागावले होते. कारकुनांवर, ज्यांनी एक क्षण थांबून पुन्हा पेन चालवलं. बाबांवर, ज्यांना सहीच हवी होती. स्वतःच्या त्या सुबक अक्षरावर. मला खोली हवी होती, हे मी लपवत नाही. माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं आणि मी कोणाच्या उपकारावर राहायला जन्मले नव्हते. 'आठवत नाही' एवढे दोन शब्द पुरेसे होते. खोटं बोलण्याची मला भीती वाटली म्हणावं तर तसंही नाही. शाळेच्या तपासनिसांपुढे मी मुलांची हजेरी कितीदा तरी वाढवून सांगितली आहे.

अडत होतं ते निराळ्या जागी. आठवत नाही म्हणायचं तर ती दुपार झालीच नाही म्हणायचं. धुतलेला शर्ट नव्हता, तीनदा वाचलेलं वाक्य नव्हतं, कानाला लागणारा श्वास नव्हता. बाबांनी स्वतःच्या तोंडाने मागितलेली ती एकच सही, ती मी केलीच नव्हती. बाबांचं माझ्याजवळ त्याहून जास्त काही उरलं नव्हतं.

कोर्टाच्या दिवशी भाईंदरहून खाडीने मचव्यातून आम्ही दोघी निघालो, वहिनी आणि मी. तिने वकिलांसाठी सुक्या बोंबलांची पुडी घेतली होती. वाटेत ती म्हणाली, "ह्यो कागद झाला का तुज्या खोलीला चुना काडू. पाऊस लागायच्या आदी." मी बरं म्हटलं आणि पाण्याकडे पाहत बसले.

आम्ही धरलं होतं कोर्ट म्हणजे मोठं काही असेल. एका खोलीत एक अधिकारी, त्यांच्यापुढे टेबल, बाजूला लिहून घेणारा. माझा हात बायबलावर ठेवला. मृत्युपत्र माझ्यापुढे धरलं. दोन अंगठे आणि एक सही. अधिकाऱ्यांनी विचारलं, "ही सही तुमची आहे?"

"माझीच आहे," मी म्हटलं.

तिथे खोली गेली. वहिनीला त्या वेळी कळलं नाही, नंतर वकिलांनी सांगितलं तेव्हा ती जिन्यात बसून रडली. भाऊ लढाई संपल्यावर सुखरूप आला आणि खोली तुझीच, कागद कशाला, असं म्हणाला, आणि मनापासून म्हणाला. मी तिथे आणखी काही वर्षं राहिले. मग त्याची मुलं मोठी झाली आणि कोणी काही म्हणायच्या आत मीच माझी ट्रंक उचलून शाळेजवळ बिऱ्हाड केलं. पण त्या दिवशी त्या टेबलापुढे मला यातलं काही दिसत नव्हतं, कारण अधिकाऱ्यांनी लगेच पुढचा प्रश्न विचारला होता.

"मृत्युपत्र करणाऱ्याने अंगठा तुमच्यासमोर उठवला? त्या वेळी ते शुद्धीवर होते, स्वखुशीने करत होते?"

बाबा गेल्यापासून त्यांच्याविषयी मला कोणी काही विचारलं नव्हतं. गावात सगळ्यांना ते माहीत होते, विचारायचं काय. मला वाटलं, आता सांगायचं आहे. मी सांगू लागले की दुपारची वेळ होती, बाहेर बोंबील वाळत होते, त्यांनी धुतलेला शर्ट घातला होता, खोलीचं वाक्य त्यांनी तीनदा वाचायला लावलं आणि ऐकायला बरं वाटतं म्हणाले, आणि मी सही केली तेव्हा त्यांनी विचारलं की माझं नाव पण आहे का त्यात. लिहून घेणाऱ्याचं पेन थांबलं होतं. माझा आवाज मोठा झाला होता, वर्गात होतो तसा. मला अजून पुष्कळ सांगायचं होतं.

अधिकारी वाईट माणूस नव्हते. त्यांनी हात थोडा वर केला. "बाई, इतकं नको. होय की नाही, एवढंच सांगा."

मी होय म्हटलं. त्यांनी ते लिहून घेतलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं.